सेकंडहँड सुझुकी डीआर ६५०: घेताना काय बघितलं आणि वापरताना काय कळलं

सुझुकी डीआर ६५० एसई मी सेकंडहँड घेतली, आता चांगली वापरून झालीये, डांबरी, खडी, चिखल, गुडघाभर पाणी, सगळीकडे फिरवलीये, आणि गाडी मला मनापासून आवडलीये. नवी घ्यायला पैसे असते तरी मी जुनीच घेतली असती. कारण १९९६ ला हिचं जे डिझाइन आलं तेच पुढे वीसेक वर्षांपेक्षा जास्त काळ जवळजवळ जसंच्या तसं चालत राहिलं, रंग आणि स्टिकर बदलत गेले पण इंजिन तेच, कार्बोरेटर तोच, चेसिस तीच. म्हणजे पंधरा वर्षं जुनी डीआर आणि चार वर्षं जुनी डीआर शेजारी उभ्या केल्या तर मशीन म्हणून दोघींत नाव घेण्यासारखा फरक नाही, फरक असतो तो कुणाच्या हातात होती आणि त्याने तिचं काय केलं एवढाच. एकीचा पार्ट दुसरीला बसतो, माहिती सगळीकडे सापडते, आणि कुठल्या वर्षाचं मॉडेल घ्यावं ही डोकेदुखी जवळपास नाहीच.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट, हेडलाइट, इंडिकेटर असलेली, रस्त्यावर कायदेशीर चालणारी पण कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली गाडी. पुढे २१ इंची चाक, स्पोकची रिम, उंच सीट, लांब ट्रॅव्हलचे शॉकअप. ही जात लोकांपर्यंत खरी पोचवली ती १९६८ च्या यामाहा डीटी-१ ने, ती टू-स्ट्रोक अडीचशे होती, मग मोठे सिंगल सिलिंडर आले, यामाहाच्या एक्सटी ५०० वर तर १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार रॅली जिंकली गेली. डीआर त्याच घराण्यातली. ६४४ सीसी, एकच सिलिंडर, १०० मिमीचा बोअर, चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग, एअर आणि ऑइल कूल्ड, ४० मिमीचा मिकुनी कार्बोरेटर, पाच गिअर, सेल्फ स्टार्ट. पेट्रोल-पाणी भरून वजन १६६ किलोच्या आसपास. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, एबीएस नाही, स्क्रीन नाही, साधा टॅकोमीटरसुद्धा नाही, इंजिन किती फिरतंय ते कानाने ओळखायचं.

आता खरेदीचं. जुनी गाडी बघायला गेलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, रनिंग किती झालंय. माझ्या मते ड्युअल-स्पोर्टच्या बाबतीत हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरवर पाहिजे. कमी रनिंगची गाडी जर सलग दोन पावसाळे उघड्यावर उभी असेल, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून गोंद झाला असेल, टाकीत गंज धरला असेल आणि मागच्या लिंकेजच्या (शॉकअप आणि स्विंगआर्म जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगना कंपनीतून आल्यापासून कुणी ग्रीस दाखवलेलं नसेल तर ती गाडी चारपट चाललेल्या पण वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीपेक्षा महागात पडते. उलट हायवेवर शांतपणे चाललेले किलोमीटर या इंजिनला काहीच वाटत नाहीत. त्यामुळे मी गाडीआधी माणूस बघतो. ऑइल कधी बदललं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कधी बघितले, चेन कधी टाकली, हे विचारलं की जो माणूस लगेच सांगतो त्याची गाडी बघण्यासारखी असते, आणि जो म्हणतो काही करावंच लागत नाही, नुसती चालवायची, त्याच्याकडे मी फार वेळ घालवत नाही, भाव कितीही पाडून दिला तरी.

मी ज्यांच्याकडून घेतली त्या काकांनी एक पातळशी वही काढून दिली. पानांच्या कोपऱ्यांवर काळे अंगठे उमटलेले, प्रत्येक ओळीत तारीख, मीटरचं रीडिंग आणि काय केलं ते. ऑइल आणि फिल्टर, पुढचा टायर, ब्रेक ऑइल, प्लग दोन्ही. मधेच एका ओळीत फक्त एवढंच लिहिलेलं की मागच्या चाकाचं डावं बेअरिंग आवाज करतंय, आणि पुढच्या ओळीत बदलल्याची नोंद. सोबत एक जाड प्लास्टिकची पिशवी होती, त्यात गाडीचे काढून ठेवलेले मूळ पार्ट, कार्बोरेटरचे जुने जेट (पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी बारीक भोकाची नळकांडी), मूळ इंडिकेटर, वरचा चेन रोलर त्याच्या बोल्टसकट, आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधलेली. ती पिशवी बघितल्यावर माझं निम्मं ठरलं होतं. माणूस काढलेला स्क्रूसुद्धा टाकत नाही म्हटल्यावर इंजिनात हलगर्जीपणा केला नसेल एवढा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज खरा निघाला.

तो वरचा चेन रोलर का काढलेला होता ते सांगतो, कारण डीआर घेणाऱ्याला हे माहीत पाहिजेच. चेसिसच्या ज्या जागी तो रोलर बोल्टने बसतो तिथे कच्च्या रस्त्यावर चेनचे फटके बसून तो बोल्ट चेसिसचा तुकडा घेऊनच उपटून येऊ शकतो, म्हणून अनुभवी लोक तो काढून टाकतात, गाडीला त्यावाचून काही अडत नाही. जुनी डीआर बघायला गेलात तर खाली वाकून तिथे तडा आहे का, वेल्डिंग केलंय का ते टॉर्च मारून बघा. वेल्डिंग नीट असेल तर घाबरायचं कारण नाही पण भाव त्या हिशोबाने करा.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे न्यूट्रल स्विचचे दोन स्क्रू. हा स्विच इंजिनच्या आत, क्लचच्या मागे बसवलेला आहे आणि त्याचे ते दोन छोटे स्क्रू वर्षानुवर्षांच्या कंपनाने ढिले होऊ शकतात. ढिले होऊन अगदीच निघाले तर गिअरमध्ये पडतात, मग पुढचं सांगायला नको, गिअरबॉक्स जागच्या जागी अडकू शकतो आणि चालत्या गाडीत ते जीवावरचं आहे. उपाय साधा आहे, क्लच कव्हर उघडायचं, क्लच काढायचा, स्क्रू बाहेर काढून साफ करून लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत घट्ट करायचे, काही जण वर तारसुद्धा पिळतात म्हणजे विषयच संपला. विकणाऱ्याला हा प्रश्न नक्की विचारा. केलंय म्हणाला तर कधी केलं, कव्हरचं पॅकिंग नवीन टाकलं का हेही विचारा, खरं केलं असेल तर माणूस पॅकिंग खरवडायला किती वेळ लागला तेही सांगतो. केलेलं नसेल तर गाडी नाकारायची गरज नाही, फक्त लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी करून घ्यायचं. माझ्या गाडीत ते आधीच केलेलं होतं, वहीत नोंद होती.

बघायला जाताना आधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनच्या पत्र्यांना हात लावा, गरम लागलं तर का चालू केली ते विचारा. थंड कार्बोरेटरची गाडी चोक ओढून चालू व्हायला हवी, थोडी कुरकुर करेल, मग मिनिटाभरात आवाज एकसारखा होईल आणि चोक हळूहळू बंद करता येईल. चोक पूर्ण बंद केल्यावर बंद पडत असेल तर बहुतेक पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा बारीक जेट) तुंबलाय, ते काम स्वस्तातलं आहे पण घासाघीस करायला कामी येतं. धुराकडे बघा. सुरू करताना क्षणभर निळसर धूर आला तर व्हॉल्व्हचे सील, आणि पळवताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगपर्यंत प्रकरण गेलंय, तिथे मी तरी थांबतो. सिलिंडरच्या बुडाशी ऑइलचा ओला पट्टा आहे का बघा, सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्यांत तिथलं पॅकिंग झिरपायचं. आणि इंजिन कुणी खोललंय का हे सरळ विचारा, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे घसटलेले वळ दिसले की उत्तर मिळतंच.

मग चेसिस. कच्च्या रस्त्यावरची गाडी पडलेली असणारच, न पडलेली ड्युअल-स्पोर्ट शोधत बसू नका. हँडगार्डला ओरखडे, लिव्हरचं टोक वाकलेलं, इंजिनखालच्या प्लेटवर दगडाचे मार, हे सगळं चालतं, उलट इंजिनखाली प्लेट लावलीये म्हणजे मालकाला कळत होतं. चालत नाही ते हे: हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं ते स्टॉप चेपलेले, फुटरेस्टच्या वरचा चेसिसचा भाग वाकलेला, फोर्क एकमेकांना समांतर नाहीत, मागची सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) एका बाजूला झुकलेली. मागे दहा पावलं जाऊन उकिडवं बसायचं आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का ते बघायचं, डोळा बरोबर सांगतो.

पुढचं चाक हवेत राहील अशी गाडी उचलून हँडल अगदी हलक्या बोटांनी डावीकडून उजवीकडे फिरवा, मधोमध आल्यावर जर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कचा खालचा भाग धरून पुढेमागे हलवा, टकटक लागली तरी तेच. चाक धरून आडवं हलवा, बेअरिंगची ढिलाई कळते. स्पोक एकेक करून पान्याने हलकेच वाजवा, सगळ्यांचा आवाज जवळपास एकसारखा खणखणीत यायला पाहिजे, मधेच एखादा भद्द वाजला तर तो ढिला आहे, आणि बरेच तसे असतील तर रिम किती डगडगते ते चाक फिरवून बघा. मागचं चाक वर धरून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वरखाली हलवा, मधे जरासा रिकामा झोल लागला की लिंकेजच्या बेअरिंगचा खर्च धरून चला. हे काम कुणी करतच नाही, कारण दिसत नाही आणि गाडी तरीही चालत राहते, म्हणून जुन्या गाडीत हमखास इथे खर्च निघतो.

चेन बघताना एक लक्षात ठेवा. या गाडीचा मागचा ट्रॅव्हल २६० मिमी आहे, त्यामुळे चेन स्टँडवर बघितली तर भलतीच ढिली वाटते आणि रस्त्यावरच्या गाड्यांची सवय असलेले मॅकेनिक ती ताणून घट्ट करून देतात. असं कधीच करू द्यायचं नाही. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा अॅक्सल तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते, त्या वेळी तिच्यात थोडी ढील उरली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात गाडी बसली की सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि तिथल्या सीलवर. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे ऑइलचा काळा चिकट थर दिसला तर हे आधी कुणीतरी केलंय असं समजायला हरकत नाही.

वायरिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सीट उघडायची आणि बघायचं. आधीच्या मालकांनी फॉग लाइट लावले, चार्जर लावला, काढला, परत लावला, आणि प्रत्येक वेळी वायर सोलून काळी टेप गुंडाळली, असल्या गाडीत पुढे पावसात कुठे काय बंद पडेल सांगता येत नाही. हिचा आल्टरनेटर दोनशे वॉटच्या आसपासचा आहे, त्यात गाडीचं स्वतःचं भागवून फार काही उरत नाही, म्हणून गरम ग्रिप, मोठे दिवे, गरम जॅकेट सगळं एकदम लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. बाकी क्लच घसरतो का ते वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम थ्रॉटल देऊन बघा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगात राहिली तर प्लेटा संपल्यात. कागदावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा, गाडीवर कर्ज नाही ना ते बघा. आणि मग चालवून बघा, डांबरी आणि कच्चा दोन्ही.

आता वापरल्यानंतरचं. पहिल्यांदा बसल्यावर काय जाणवतं तर उंची, सीट ८८५ मिमीवर आहे, आणि दुसरं जाणवतं ते इंजिनचं खालचं ओढणं. कमी आरपीएमला तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून चढावर थ्रॉटल दिला की धडधड करत वर चढते, गिअर बदलायची घाई नाही, क्लचशी खेळत बसायला नको. खडीच्या रस्त्यावर फुटरेस्टवर उभं राहून चाळीस-पन्नासच्या वेगात मागचं चाक जरासं सरकत सरकत चाललंय, पुढचं चाक स्वतःची वाट शोधतंय, यासारखं सुख मला दुसऱ्या कुठल्या गाडीवर मिळालेलं नाही. हायवेला नव्वद ते शंभरात ती निवांत असते. त्याच्या वर जाते, सहज जाते, पण वारा छातीवर घ्यावा लागतो आणि सिंगल सिलिंडरचं थरथरणं हाताला कळायला लागतं, बॅलन्सर असला तरी सहाशे चव्वेचाळीस सीसीचा एकच पिस्टन आहे शेवटी. लांब हायवेच तुमचं मुख्य काम असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही असं स्पष्ट सांगतो.

मूळ सीट अरुंद आणि कडक, लांबच्या प्रवासाला फोम बदलून घेणं किंवा चांगली दुसरी सीट टाकणं हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा, आणि सेकंडहँड घेण्याचा फायदा असा की बऱ्याच गाड्यांवर तो आधीच केलेला सापडतो. टाकीचंही तेच. मूळ टाकी १३ लिटरची, अॅव्हरेज लिटरला वीसच्या आगेमागे, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशेच्या मधे पंप शोधायला लागतो, म्हणून कितीतरी लोक वीस लिटरच्या आसपासची प्लास्टिकची टाकी बसवतात. अशी टाकी बसवलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, वेगळी घ्यायला गेलं की चांगलीच महाग पडते.

शॉकअप मऊ आहेत. पुढचा फोर्क ४३ मिमीचा साधा, त्यात काही अॅडजस्ट करता येत नाही, हलक्या अंगाच्या माणसाला आणि संथ चालवणाऱ्याला छान वाटतो पण माणूस भरलेला असेल किंवा मागे सामान असेल तर ब्रेक दाबल्यावर नाक जमिनीकडे जातं. वजनाप्रमाणे जाड स्प्रिंग टाकल्या की गाडी वेगळीच वाटते, माझ्या मते या गाडीवर करण्यासारखा सगळ्यात पहिला खर्च तोच आहे, सायलेन्सर बदलण्याच्या फार आधी. सायलेन्सर बदलून आवाज वाढतो, डोंगरात गावातून जाताना लोक वैतागतात, आणि जेट न बदलता नुसता सायलेन्सर बदलला तर मिक्स्चर पातळ होऊन इंजिन जास्त तापतं. मागच्या मालकाने असं काही केलं असेल तर कार्बोरेटरमध्ये कुठला जेट आहे ते विचारून लिहून घ्या.

पहिला गिअर थोडा लांब आहे, दगडधोंड्यांच्या अगदी सावकाश वाटेवर हाफ क्लच करावा लागतो. पुढचं मूळ स्प्रॉकेट १५ दातांचं, त्याऐवजी १४ चं टाकलं की हे बरंचसं सुटतं, खर्च किरकोळ, काम सोपं. मी १४ वरच चालवतो, हायवेला थोडं जास्त फिरतं इंजिन, तेवढं चालतं.

देखभाल हा या गाडीचा सगळ्यात आवडता भाग आहे. टॅपेट सेटिंगसाठी शिम-बिम (मापाच्या चकत्या) काही नाही, स्क्रू आणि वर लॉकनट. सीट काढायची, टाकी काढायची, वरची झाकणं उघडायची, डाव्या बाजूच्या कव्हरवरचे दोन बूच काढून एकातून क्रँक पान्याने फिरवायचा आणि दुसऱ्यातून खूण बघायची. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उघडलेली उत्तम. मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा. तो ना अडकायला पाहिजे ना सुळकन जायला पाहिजे, जाड पुस्तकाच्या पानांमधून खूण म्हणून ठेवलेला कागद ओढताना जेवढी ओढ लागते तेवढीच लागली पाहिजे. गंमत अशी की लॉकनट घट्ट करताना स्क्रूही केसभर फिरतो आणि सेटिंग बदलतं, म्हणून नट आवळून झाल्यावर परत गेज घालून बघायचं, आणि परत, चारही व्हॉल्व्हना. पहिल्यांदा अर्धा दिवस जातो, नंतर चहा होईपर्यंतचं काम वाटायला लागतं. दोन प्लग आहेत, दोन्ही बदलायचे, एकच बदलून भागवायचं नाही.

कार्बोरेटरची एक सवय लावून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं आणि पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की थोडा चिकटा झाला तरी गाडी आयडलला राहत नाही. एवढं पाळलं तर कार्बोरेटर वर्षानुवर्षं उघडावा लागत नाही. एअर फिल्टर फोमचा टाकलेला असेल तर धुवून, सुकवून, फिल्टरचं ऑइल लावून परत बसवायचा, आणि धुळीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे दिवसभर चालला असाल तर त्याच रात्री. या इंजिनला मारते ती धूळ, किलोमीटर नाही.

टायर ट्यूबचे आहेत, २१ आणि १७ इंची, पंक्चर काढायला शिकल्याशिवाय आडवाटेला जाऊ नका. घरी, सावलीत, वेळ असताना एकदा तरी मागचा टायर स्वतः उतरवून चढवून बघा, मागचा जास्त कडक असतो. एकच जादा ट्यूब घ्यायची तर पुढची २१ ची घ्यावी, वेळ पडली तर ती मागच्या टायरमध्येही कोंबून घरी पोचता येतं, उलटं जमत नाही. टायर कुठले हे ज्याच्या त्याच्या रस्त्यावर आहे, पण जे लोक नव्वद टक्के डांबरीवर चालवून फक्त दिसायला छान म्हणून मोठ्या खिळ्यांचे टायर लावतात त्यांनी ओल्या डांबरीवर ब्रेक लावताना जपावं.

तुलना विचारतातच म्हणून. कावासाकी केएलआर ६५० ही १९८७ पासूनची, वॉटर कूल्ड, टाकी मोठी, हायवेला जास्त आरामशीर, पण जड आहे आणि पडली की रेडिएटरची काळजी, शिवाय जुन्या केएलआरमध्ये बॅलन्सर चेनचा टेन्शनर लिव्हर तुटण्याची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, घेताना तो बदललाय का विचारायचं. होंडा एक्सआर ६५० एल कच्च्यात डीआरपेक्षा सरस, पण सीट ९४० मिमी, उंच माणसाचीच गाडी. सुझुकीचीच डीआरझेड ४०० एस हलकी आणि चपळ, चिखलात आणि जंगलाच्या वाटेवर माझ्यापेक्षा नेहमी पुढे जाते, हायवेला मात्र मागे पडते. मला दोन्ही जरा जरा पाहिजे होतं आणि घरी पान्याने उघडता येईल अशी गाडी पाहिजे होती, म्हणून डीआर.

उंचीमुळे मागे हटणाऱ्यांसाठी एक माहिती, जी विकणाऱ्यालाही बऱ्याचदा नसते. डीआर सुमारे ४० मिमीने खाली आणायची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे, मागच्या शॉकअपला खाली दुसरं भोक दिलेलं आहे आणि पुढच्या फोर्कमधले स्पेसर बदलून तेवढंच पुढूनही खाली घेता येतं. म्हणजे बाहेरची लिंक लावून गाडीची भूमिती बिघडवायची गरज नाही. एवढंच करायचं की मग साइड स्टँडही आखूड लागतो, नाहीतर गाडी सरळ उभी राहते आणि जराशा वाऱ्याने किंवा धक्क्याने पलीकडे पडते. जुनी गाडी बघताना स्टँडवर ती फारच सरळ उभी दिसली तर आधीच्या मालकाने ती खाली केलेली असू शकते, आणि फार झुकलेली दिसली तर स्टँड आखूड करून नंतर उंची परत मूळ केलेली असू शकते. विचारून घ्या, आणि मूळ स्टँड घरात पडलेला असेल तर तोही मागून घ्या.